देव्हाऱ्यातला काटा

"खोटा? माझा काटा खोटा? आगो पोरी, तुझ्या साहेबाला सांग, बायकोच्या हातचं मीठ चुकंल, पन चंद्रीच्या हातून गेलेलं डबडं चुकाचं नाय. ठेव तं खाली. पानी पी आदी. मंग वाच काय ती तुझी कागदं."

"काकू, मी नाय बोलत. ठाण्याची लॅब बोलते."

"लॅब बोलतंय! एसीत बसून कोन बोलाचा नाय? त्यांच्या टेबलावर पालीनं कधी अंडी घातलीत का, त्ये इचार."

स्नेहल देसले पाणी प्यायली. दुसरा इलाज नव्हता. मुरबाडच्या एमायडीसीत पाण्याच्या मीटरात बसणाऱ्या बिनतारी पट्ट्या बनवणारी एक कंपनी आहे, तिथं ती माल तपासायच्या खात्यात. मुरबाडहून किन्हवलीच्या रस्त्यानं स्कूटी हाणत आली होती आणि दोन पायांच्या मध्ये, फोमात गुंडाळलेला सिग्नल जनरेटर, लेकुरवाळीनं पोर धरावं तसा धरून आणला होता.

"श्रावणात तुमच्याकडून गेला हा," ती म्हणाली. "तुमचं पिवळं लेबल बघून आम्ही डोळे झाकून ह्याच्या मापावर पट्ट्या लावल्या. गिऱ्हाइकानं सगळा माल परत लावून दिला. मीटर एकीकडं बोलतोय न पट्टी दुसरीकडं ऐकतेय. मग साहेबानं यंत्र ठाण्याला पाठवलं, त्यांनी लिहून दिलं की फ्रिक्वेन्सी चुकलीय. आता सोमवारी साहेब ठाण्याशी करार करणार. मीच आडवी पडले, म्हटलं, एकदा काकूंना विचारू द्या."

"इचारलंस ना? मी सांगलं ना? नाय चुकत."

असं बोलली खरी, पण तिनं तोंडातली मिसरी थुंकली आणि पदर खोचला. आमच्या बोरशेतपाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे, चंद्रकलेनं पदर खोचला की एक तर भांडण व्हायचं नाहीतर काम.

ही चंद्रकला धाऊ वेखंडे. वाशिंदहून तानसाकडं निघालात की डाव्या हाताला आमचा पाडा, पाड्यात शेवटचं घर, घराच्या पडवीत हिचं दुकान. दुकान म्हणजे बाळंतिणीची जुनी बाज, तिच्यावर फळी, फळीवर तारा. शहापुरातली कॉलेजं, वाशिंदचे कारखाने, मुरबाडची एमायडीसी, सगळीकडले मोडके सिग्नल जनरेटर इथं येतात.

तर सिग्नल जनरेटर म्हणजे काय? गाईनं पान्हा सोडावा म्हणून वासरू लावतात ना, तसलं हे यंत्र. रेडिओ, बिनतारी मीटर, गेटाचा रिमोट, असलं काही नीट ऐकतं की नाही ते बघायचं तर त्याला आधी एक मापातली लहर पाजावी लागते. ती लहर सोडणारा डबा म्हणजे जनरेटर. आता वासरूच खोटं निघालं तर गाईला लाथा घालून उपयोग काय? म्हणून जनरेटर मापात ठेवावा लागतो. कंपनीवाले त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. चंद्रकला म्हणते, काट्यावर घेणं. काटा म्हणजे तिचा जुना फ्रिक्वेन्सी काउंटर. लहर सेकंदाला किती वेळा हलते ते मोजून हिरव्या आकड्यांत सांगणारा. जनरेटरचा आकडा काट्याच्या आकड्याशी जुळवायचा, वर पिवळं लेबल चिकटवायचं, लेबलावर 'चं. धा.' लिहायचं. झालं.

ही विद्या तिनं बक्षीस म्हणून घेतली नाही, शिक्षा म्हणून घेतली. वाशिंदला पूर्वी टेलिफोनचे भाग बनवणारा कारखाना होता, लग्नानंतर ती तिथं तारांना कथलाचे डाग द्यायच्या लायनीवर लागली. मुरबाडच्या डोंगराकडची पोर, तोंड कधी बंद नाही. तिच्या गोष्टी ऐकून दोन्ही बाजूच्या बाया हसायच्या आणि डाग भलतीकडंच पडायचे. सुपरवायझरनं वैतागून तिला टेस्टिंगच्या बंद खोलीत टाकली, सोबतीला एक अर्धवट बहिरा म्हातारा फोरमन. म्हाताऱ्याला ऐकू येत नसल्यानं हिच्या बडबडीचा त्रास नव्हता. तो दाखवत गेला, ही बोलत गेली, आणि बोलता बोलता शिकली. पुढं कारखाना मेला. खोलीतली यंत्रं भंगारात निघाली तेव्हा भंगारवाल्याशी हुज्जत घालून तिनं हा काउंटर किलोच्या भावानं उचलला आणि गवताच्या भाऱ्यात घालून डोक्यावरून घरी आणला.

तिचं खरं पीक दसऱ्यानंतर येतं. खंडेनवमीला सगळीकडं यंत्रांची पूजा. कॉलेजातले सर लोक जनरेटरला हळद-कुंकू लावतात, झेंडू वाहतात, आणि नारळ फोडायला जागा नाही म्हणून त्याच्याच डोक्यावर फोडतात. पाणी जाळीतून थेट आत. मग आठवडाभरात आतलं सगळं हिरवं पडतं, मुंग्या वारूळ करतात, आणि सर लोक मान खाली घालून पडवीत उभे.

"देवाला नारल चारलात," ही विचारते, "मंग देव हागला कशाला म्हून बोंबलताव?"

अशा बाईला खोटं म्हणणं म्हणजे म्हशीला गाढव म्हणणं. पण मुरबाडची ही कंपनी गेली असती तर नुसती एक कंपनी गेली नसती. तिच्या पिवळ्या कागदाला कुणी हातभर लांबीचा शिक्का मारून दिला नव्हता. चंद्रीचं माप खरं, एवढ्यावर तो चालत होता. ते एकदा गेलं की मग ती पडवीत बसून मिक्सर दुरुस्त करणार. आणि मिक्सरचा तिला मनापासून तिटकारा. म्हणते, मिक्सरला खरं-खोटं काय ठावूक, फिरला म्हंजे झालं.

तर पदर खोचून ती जनरेटर घेऊन आत गेली. काटा पडवीत नव्हताच. काटा होता देवघराच्या कोपऱ्यात, देव्हाऱ्याच्या शेजारी, फळीवर. त्याला कारण होतं. काट्याच्या पोटात स्फटिकाचा एक कपचा असतो. शेतात पायाला लागते ती गारगोटी, तिचीच शिकलेली बहीण. हा कपचा एकाच उबेत राहिला तर माप सोडत नाही. म्हणून काटा कायम चालू ठेवायचा, विझवायचा नाही. आणि आमच्याकडं लाइट तर मनाला येईल तेव्हा जाते. घरात इन्व्हर्टरची लाइन एकाच कोपऱ्यात ओढलेली, सासूच्या देवांवरचा लाल बल्ब विझू नये म्हणून. त्यामुळं काटा गेला देवांच्या शेजाराला. रोजचं माप मात्र पडवीतूनच, भिंतीच्या भोकातून तार ओढून.

भरदुपारी काट्यावर जनरेटर लावला. स्नेहल कागद धरून उभी. काट्यानं सांगितलं, जनरेटर चुकलाय. ठाण्याच्या लॅबनं लिहिला होता जवळजवळ तेवढाच.

चंद्रकलेच्या चेहऱ्यावर ऊन पडलं. "बघ! माझा काटा न तुझी लॅब येकच बोलतात. म्हंजे काटा खरा! तुझं डबडं वाटंत हाललं. किन्हवलीच्या खड्ड्यांत मानसाच्या दाढा हालतात, ह्ये त डबडं."

"काकू, श्रावणात कंपनीच्या गाडीतून नेला होता. मांडीवर घेऊन."

"मंग मांडी हालली आसंल. ऱ्हाऊ दे. उद्या सकाली काट्यावर घेतंय, तू ये न घेऊन जा."

"आत्ताच लावा ना."

"सकाली लाइट दमदार आसतंय, हवा गार आसतंय. मी माप सकालीच लावतंय. तू मना शिकवू नको."

स्नेहल किन्हवलीला मावशीकडं राहिली. सकाळी ऊन वर आल्यावर परत आली तर चंद्रकला पडवीत पाय पसरून चहा पीत होती आणि जनरेटरवर नवंकोरं पिवळं लेबल.

"घे. साहेबाच्या डोक्यावर नेऊन ठेव."

"माझ्यासमोर एकदा बघू या?"

"इस्वास नाय तुझा?"

"माझा हाय. साहेबाचा नाय."

बघितलं. जनरेटर चुकलेला. कालच्याच बाजूला, कालच्याइतकाच.

स्नेहल मुरबाडचीच, तिच्याही जिभेला हाड नाही. म्हणाली, "काकू, तुमच्या फळीवरपण खड्डे हायेत का?"

चंद्रकलेनं नखानं आपलंच लेबल खरवडलं. आमच्या पाड्यात हे कुणी पाहिलं असेल तर त्या एका सकाळी. त्याची गोळी केली आणि केसांत शिरलेल्या मुंगीसारखी झटकून टाकली.

मग शोध सुरू झाला. आधी आळ आला म्हशीवर. अर्थिंगचा लोखंडी पाइप गोठ्याच्या बाजूला पुरलेला, धाऊनं म्हैस त्यालाच बांधलेली. ती अंग खाजवायची तेव्हा पाइप हलायचा. चंद्रकलेनं म्हैस सोडून आंब्याला बांधली.

धाऊ हा तिचा नवरा. बोलणं असं की वर्षाला पावशेर. भाताच्या कापणीवरून आला होता, विळा हातात. म्हणाला, "म्हशीचा काय गुना?"

"तुमची म्हस माझा काटा हालवतंय."

धाऊनं म्हशीकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. "मना तीस वर्सं हालवतंय त्याची लॅब कुठं हाय?" एवढं बोलून त्या वर्षाचा कोटा संपवून तो खळ्यावर गेला.

म्हैस निर्दोष सुटली. मग लाइट तपासली, तारा बदलल्या, खिळे पाहिले. काट्याचा आकडा दिवसभर तिथल्या तिथं. चुकतो तरी कधी, हेच कळेना. काट्याला तपासायचं तर दुसरा काटा हवा, आणि तो तर ठाण्याला.

दिवस मावळायला आला तेव्हा तिनं सासऱ्याच्या वेळचा रेडिओ उतरवला. फोरमन म्हाताऱ्यानं शिकवलेली युक्ती तिला आठवली होती. आकाशवाणीच्या स्टेशनाची लहर आकाशातून येते, ती काही हिच्या घरातल्या लाइटवर नाही. जनरेटरला काट्याच्या ठोक्यावर चालायला लावायचं, त्याचं माप स्टेशनाच्या मापावर ठेवायचं आणि त्याची तार रेडिओजवळ सोडायची. दोन लहरी सारख्या असल्या तर रेडिओ शहाण्यासारखा बोलतो. थोडा फरक असला तर दोन्ही एकमेकींना ढुशा देतात आणि आवाज चढतो-उतरतो, पाळण्यासारखा. फरक मोठा तितका पाळणा घाईचा.

"पन स्टेशन तरी बरोबर कशावरून?" स्नेहलनं विचारलं.

"त्यो खरा का खोटा ते सोड. त्यो दुपारी येक न सकाली येक नाय बोलाचा. आपल्याला कोन बदलतंय त्ये बघाचं हाय."

हे स्नेहलला पटलं. तिनं खाली बसून फोनवर आवाज टिपायला सुरुवात केली. रेडिओवर कुणी डॉक्टर बद्धकोष्ठावर बोलत होते. आवाज सावकाश चढायचा, सावकाश उतरायचा, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा. फरक नव्हता म्हटलं तरी चालेल इतका. दोघी तांदूळ निवडत बसल्या. डॉक्टर पालेभाज्यांवर आले, मग ताकावर आले.

दिवेलागणीला बाईजा उठली. बाईजा म्हणजे चंद्रकलेची सासू. वाकून अर्धी झालेली, पण नजर घारीची. ती आत गेली, घंटी वाजली, उदबत्तीचा वास आला. डॉक्टर एरंडेलावर होते. आणि हळूहळू त्यांना धाप लागायला लागली.

आधी पाळणा थोडा घाईत आला. मग आणखी. मग डॉक्टर असे बोलायला लागले की तानसाच्या धरणाची भिंत धावत चढलेत आणि तिथंच त्यांचं बद्धकोष्ठ सुटलंय. 'रा-आ-त्री-ई-झो-ओ-प-ता-आ-ना...'

 स्नेहल आणि चंद्रकला एकदम आत धावल्या, दारात एकमेकींना अडकल्या.

आत काटा दिसेना. फळीवर लाल खणाचं वस्त्र पांघरलेली एक मूर्ती बसलेली. डोक्यावर झेंडू, कपाळाला हळदीकुंकू, गळ्यात काळा दोरा. खणातून हिरवे आकडे डोळ्यांसारखे चमकतायत. आणि मूर्तीच्या डाव्या कुशीला, अगदी जाळीच्या खाली, तेलानं भरलेली समई, ज्योत बोटभर.

"आत्याबाय!" चंद्रकला किंचाळली. "ह्ये काय केलाव?"

"काय केला?" बाईजा शांत. "देवाला वस्त्र घातला. रोज सकाल-सांज घालतंय. दिवा इझला का काढून ठेवतंय, मलू नये म्हून."

"रोज? कवापासून?"

"सरावनापासून. पलीकडं दिवा ठेवला का खिडकीतून वारा येतंय न इझवतंय. ह्याच्या आडोशाला ठेवला त टिकतंय. चांगला देव हाय तुझा, वारा अडवतंय."

"त्यो देव नाय! त्यो काटा हाय!"

"मना येडी समजतंस? आगो, तू रोज सकाली ह्याच्या पुढं उभी ऱ्हातंस, आकडं पुटपुटतंस, मंगच कामाला हात लावतंस. माज्या खंडोबापुढं कधी उभी ऱ्हायलीस? मी बोलली, सुनंचा देव येगला आसंल. आपल्याला काय, आपन त्याला पन येक फूल टाकू. उपाशी कशाला ठेवाचा?"

स्नेहल भिंतीला टेकून हसत होती, तोंडात ओढणी कोंबून. चंद्रकलेच्या डोक्यात मात्र सगळं एका रांगेत येऊन बसलं होतं. सकाळीपण बाईजा दिवा लावते. खाली समई, वर खण, जाळी बंद, पोटातल्या गारगोटीला ताप. आणि सकाळीच तर ती माप लावते. काम पडवीत, तार भिंतीच्या भोकातून आत, आकडा दाखवणारी छोटी पट्टी पडवीत. आत डोकवायचं कारणच काय? ती उभी राहायची दिवा लागायच्या आधी. आणि दुपारी बघायला जावं तर दिवा विझलेला, काटा थंड, शहाणा. श्रावणापासून तिनं मुरबाड-शहापुरात जेवढी यंत्रं काट्यावर घेतली, तेवढी सगळी तापातल्या माणसाच्या शब्दावर घेतली होती.

"उद्यापासून दिवा तिकडं," ती म्हणाली.

"तिकडं वारा."

"मंग काटा उचलतंय."

"हात नको लावू!" बाईजा काठी आपटून उभी राहिली. "बसवलेला देव कौल लावल्याशिवाय उठवतात? तुझ्या म्हायेरात उठवत आसतील. डोंगरातली मानसा तुमी, देवाला गोनीत भरून हिंडाल."

आता माहेर निघालं म्हणजे प्रकरण हातघाईवर आलं. पण चंद्रकलेच्या डोक्यात उजेड पडला. कौल म्हणजे देवाला विचारणं. देवाच्या उजव्या नि डाव्या अंगाला पाण्यानं एकेक पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. आणि काट्याचा पंखा उजव्या अंगाला. डावीकडची पाकळी वर्षभर चिकटून राहील, उजवीकडं सारखी थरथर.

"लावा," ती म्हणाली. "लावा कौल. देव बोलंल तसा."

स्नेहलनं तिच्याकडं पाहिलं, पंख्याकडं पाहिलं आणि डोळे खाली घातले. शिकलेल्या पोरी वेळेवर गप्प बसतात.

बाईजेनं खण उतरवला, समई बाजूला केली. झेंडूच्या दोन पाकळ्या भिजवून चिकटवल्या. "बा देवा," ती म्हणाली, "तुझा नाव मना ठावूक नाय. जागा बदलाची आसंल त उजवा दे, हितंच ऱ्हाचा आसंल त डावा दे. आन् येक आयक. उजवा दिलास त मी तुना साधा नाय उठवाची. आमच्या रीतीनं उठवीन."

"कंची रीत?" चंद्रकलेनं विचारलं, पण तोवर उजवी पाकळी सरकली, लोंबली आणि टपकन पडली.

"दिला!" चंद्रकलेनं टाळी वाजवली. "उजवा दिला! उठवतंय मी."

"उठव," बाईजा म्हणाली. "पन नव्या जाग्याव बसवाच्या आदी उजलून आनाचा. लग्नकार्याला आपलं टाक सोनाराकडं नेतात का नाय? कालं पडलेलं देव तसंच बसवतात? ह्याला पन ने, जो कोन ह्याचा सोनार आसंल त्याच्याकडं. उजलून आन. मंग बसव कुठं बसवाचा तिथं. उजलल्याबगार ह्या घरात त्यो माप नाय सांगाचा."

चंद्रकलेनं काट्याकडं नेलेला हात मागं घेतला. तिच्या काट्याचा सोनार म्हणजे ठाण्याची लॅब. बारा जणांनी तिला सांगितलं होतं, काकू, तुमचा काटा एकदा तपासून आणा. बारा जणांना तिनं एकच उत्तर दिलं होतं: काट्याला काटा कोन लावतंय? आता नाही म्हणावं तर कौल तिनंच मागितलेला. कौल खोटा म्हणावा तर पंखा सांगावा लागणार.

"आत्याबाय," ती म्हणाली, "ह्ये तुमी आधीच ठरवलाव."

"मी काय ठरवनार? देव बोलला." बाईजा खाली बसली, पाकळी उचलून कपाळाला लावली. "आन् त्याचा भोंगा उजव्या आंगाला हाय, मना ठावूक हाय. दोन म्हैने कुकू लावतंय. हाताला वारा लागत नाय का?"

स्नेहलच्या तोंडातली ओढणी बाहेर पडली आणि ती पोट धरून खालीच बसली.

रविवारी काटा ठाण्याला गेला, म्हणजे निघाला. शनिवार-रविवार लॅब बंद हे कुणाला ठाऊक? धाऊ मुलुंडच्या भाच्याकडं काटा मांडीवर घेऊन रात्र काढून सोमवारी पोचला. बाईजेनं खण काढू दिला नव्हता. देव उघडाबोडका प्रवास करत नाही. लॅबवाल्या पोरानं लाल खण सोडला, कुंकू पाहिलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

धाऊ म्हणाला, "बायको सांगतंय काटा. आई सांगतंय देव. तुम्ही लिवा काय लिवाचं त्ये."

तिथं आत जाताना चपला काढायला लावल्या, ही बातमी धाऊनं फोनवर आईला दिली. त्या वर्षातलं त्याचं सगळ्यात मोठं भाषण. बाईजेनं पाडाभर सांगितलं, "बघा, तिथं पन चपला काढतात. मी उगंच नाय बोलत."

इकडं स्नेहल साहेबापुढं उभी राहिली. चूक कशानं झाली या रकान्यात तिनं 'बाहेरून उष्णता लागली' असं लिहिलं. साहेबानं विचारलं, कसली उष्णता? ती म्हणाली, घरगुती. साहेब धुळ्याचा, घरी त्यालाही सासू आहे. त्यानं पुढं विचारलं नाही. सही मात्र पुढं ढकलली. म्हणाला, काटा काय सांगतो ते बघू.

आणि चंद्रकला? ती फोन घेऊन बसली. श्रावणापासूनचं एकेक यंत्र तिला आठवत होतं, तोंडपाठ, कुठल्या यंत्राला कुठला रोग ते. एकेकाला फोन.

"सर, ते तुमचं डबडं परत द्या... नाय, चुकलंय... नाय, तुमी नाय चुकवलाव, मीच चुकवलंय... आता हसू नका, मना पन तोंड हाय."

शहापूरच्या एका कॉलेजातले सर म्हणाले, आमच्या पोरांना फरक कळलाच नसता. ती म्हणाली, "तुमच्या पोरांना कळत नाय, तुमाला कळत नाय, म्हून त माप लागतंय. आना गुपचूप." वाशिंदच्या एका कारखान्यानं यंत्र परत दिलंच नाही, फोनही बंद केला. तिथं पिवळं लेबल पुन्हा चालायचं नाही, हे तिला कळलं. तिनं शिवी दिली, पण फोन ठेवल्यावर.

काटा उजळून आला तेव्हा कागदावर लिहिलेलं होतं की काटा बरा आहे, पण वयानं थोडा सरकला होता, समईशिवायच. तेवढं त्यांनी नीट केलं. चंद्रकलेनं कागद दोनदा वाचला.

"म्हंजे दिवा नव्हता तवा पन थोडा खोटा व्हता," स्नेहल म्हणाली. ती सकाळीच आली होती, हाच कागद बघायला.

"थोडा."

"म्हंजे साहेब थोडा खरा."

"तुझ्या साहेबाची कंबर किती हाय? आदी बत्तीस आसंल, आता चालीस. त्यो पन सरकलाय. त्याला नेतंस का उजलायला?"

साहेबानं करार ठाण्याशी केला नाही, पण हिच्याशीही पूर्वीसारखा ठेवला नाही. आता लेबलाबरोबर काट्याच्या कागदाची नक्कल लागते, आणि दरवर्षी नवी. चंद्रकला म्हणाली, ही काय तऱ्हा, माझ्या शब्दाला ठाण्याचा जामीन? बाईजा म्हणाली, "माज्या टाकांना सोनार लागतंय, तू कोन लागून गेलीस?" 

काटा आता धान्याच्या कोठीजवळ बसतो. धाऊनं इन्व्हर्टरची तार तिथवर ओढली. खण नाही, दिवा नाही. एक बोट कुंकू मात्र आहे, बाजूच्या पत्र्यावर, जाळीपासून लांब. त्या बोटाची हद्द खडूनं आखून दिलीय. बाईजा हद्द पाळते. बदल्यात तिनं एक मागणं मागितलं: माझ्या देवांनापण ते पिवळं चिकटव. चंद्रकलेनं कुरकुर केली, पण खंडोबाच्या टाकाखाली लाकडावर एक लेबल लावलं. 'चं. धा.' लिहिलं नाही. म्हणाली, "ह्याचा माप मी घेतला नाय, मी सही कशी करू?"

स्नेहल कागदाची नक्कल घेऊन निघाली तेव्हा अंगणात शहापूरहून आलेला एक टेंपो उभा होता. मागं कॉलेजचा जनरेटर, पांढऱ्या पिशवीत. पिशवीच्या तळाशी चिकट पाणी साचलेलं आणि बाहेरून काळ्या मुंग्यांची ओळ टेंपोच्या फळीवरून चालत आत जात होती.

सोबत आलेले सर म्हणाले, "अचानकच बंद पडला हो. काय झालं कळत नाही."

चंद्रकलेनं पिशवी हुंगली. "नारल गोड व्हता," ती म्हणाली. मग बाजेवर फळी सरकवली, पदर खोचला, डबा उलटा करून मुंग्या अंगणात झटकल्या आणि पहिला स्क्रू फिरवायला घेतला.